मिठाच्या फवाऱ्याचे तास आणि ॲल्युमिनियमचे खड्डे

आज आम्ही ॲल्युमिनियमवर बोलणार आहोत, पण स्तुती करायला नव्हे. ॲल्युमिनियम टिकतं, ते टिकावं म्हणून त्यावर काय काय चढवतात, आणि ते चढवलेलं खरंच काम करतं याचा पुरावा म्हणून आपल्यासमोर काय ठेवलं जातं, या तिसऱ्या गोष्टीची आज झडती घ्यायची आहे. पुराव्याची झडती घेणं म्हणजेच समीक्षा. ती कवितेची होते तशी चाचणीच्या दाखल्याचीही व्हायला हवी.

दाखला कसा असतो, ते आधी सांगतो. खिडक्यांचं काम निघालं, गच्चीवर सौर पॅनेलचे सांगाडे बसवायचे झाले, की पुरवठादार एक कागद पुढे करतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘साल्ट स्प्रे : १००० तास : उत्तीर्ण’. खाली शिक्का, सही. सोसायटीच्या सभेत तो कागद हातोहात फिरतो. हजार तास हा आकडा मोठा आहे, सगळे माना डोलावतात. आता साधा हिशेब करा. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवससुद्धा पुरे होत नाहीत. बेचाळीस दिवसांच्या परीक्षेवरून वीस वर्षांच्या संसाराचं भाकीत करायचं, तर परीक्षा आणि संसार यांचं नातं काय आहे ते कोणीतरी सांगायला हवं. ते नातं काय, हाच आमचा आजचा प्रश्न.

त्याआधी रोग समजून घेऊ. ॲल्युमिनियम आपल्या घरात आलं ते भांड्यांच्या रूपाने. आपल्याकडे त्याला अजूनही कित्येक घरांत ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची कढई. पितळेला दरवर्षी कल्हई लागायची, नाहीतर ताक कळकायचं. जर्मनला कल्हई लागत नव्हती, वजनाला हलकं, भावाने स्वस्त. आणि लोखंडासारखं ते गंजत नाही, लाल होत नाही. यातून ‘ॲल्युमिनियमला गंज नाही’ हा समज रुजला. तो अर्धाच खरा आहे.

खरं असं की ॲल्युमिनियम ही फार उतावीळ धातू आहे. हवा लागली रे लागली की तिच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा दहा-वीस हजारावा भाग. पण हा पापुद्रा घट्ट बसतो, पाणी आत जाऊ देत नाही, आणि ओरखडा पडला तर क्षणात पुन्हा धरतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो, हा सुटत नाही. धातूचं सगळं टिकाऊपण या पापुद्र्यावर उभं आहे. पाण्याचा पीएच साधारण ४ ते ८.५ यांच्या दरम्यान असेल तोवर पापुद्रा शाबूत राहतो. त्याखाली आम्ल झालं की तो विरघळतो, त्यावर अल्कली झालं तरी विरघळतो. चिंचेचं सार जर्मनच्या पातेल्यात मुरवू नये म्हणतात ते एका टोकामुळे. आणि राखेने किंवा सोड्याने घासल्यावर भांडं लखलखीत होतं ते दुसऱ्या टोकामुळे. आपण भांडं घासत नसतो, त्याची कातडी काढत असतो. ती परत येते, म्हणून चालतं.

मग खड्डा कुठून येतो? तर मिठापासून. मिठातलं क्लोराइड पापुद्र्याच्या दुबळ्या जागा शोधतं. दुबळ्या जागा कुठे असतात? जिथे धातूत लोखंडाचे किंवा तांब्याचे बारीक कण अडकलेले असतात तिथे. कारण त्या कणांवर पापुद्रा नीट धरतच नाही. तिथे एक ठिपका उघडा पडतो. उघड्या ठिपक्यातून ॲल्युमिनियम विरघळू लागतं. विरघळलेलं ॲल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून आम्ल तयार करतं. ठिपक्याच्या तोंडावर पांढुरका चिकट थर जमतो, त्यामुळे आतलं आम्ल बाहेर जात नाही. बाहेरचं क्लोराइड मात्र विद्युतभाराच्या ओढीने आत खेचलं जातं. आत पीएच ३-४ वर येतो, म्हणजे पापुद्रा पुन्हा धरायची शक्यता संपते. त्याच वेळी शेजारच्या लोखंडी कणावर ऑक्सिजन खर्ची पडून अल्कली बनते, आणि तिथलीही कातडी सोलली जाते. एकाच थेंबाखाली आम्लही आणि अल्कलीही. आणि सगळी सुरक्षित कातडी मिळून, तिच्यातल्या त्या कणांमार्फत, एका ठिपक्याचा नाश पोसते.

दाताची कीड आठवा. अख्खा दात झिजत नाही. बाहेरून एक काळा ठिपका दिसतो आणि आत पोखरलेलं असतं. खड्डेदार क्षरण, ज्याला कारखान्यात पिटिंगच म्हणतात, ते अगदी असंच असतं. आपल्या आज्या मीठ चिनीमातीच्या बरणीत ठेवत, धातूच्या डब्यात नाही. त्यांना क्लोराइड माहीत नव्हतं, बरणी माहीत होती. तांब्याच्या हंड्यातलं पाणी जर्मनच्या भांड्यात साठवणं हेही तसंच वाईट. पाण्यात उतरलेला तांब्याचा अंश ॲल्युमिनियमवर जाऊन बसतो आणि प्रत्येक ठिकाणी एक नवा खड्डा सुरू करतो.

आता आमचा पहिला आक्षेप. पिटिंग हा अपवादाचा रोग आहे, आणि आपण त्याला सरासरीने मोजतो.

एक उदाहरण घेऊ, तुम्ही घरी गणित करून पाहू शकता. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा. वजन २.७ किलो. त्याला एक मिलिमीटर व्यासाचं आरपार भोक पडलं, तर गेलेल्या धातूचं वजन किती? सुमारे दोन मिलिग्रॅम. एकूण वजनाच्या दहा लाखांत एक भागसुद्धा नाही. वजनकाट्याला विचारलं तर तो म्हणेल, क्षरण शून्य. पण त्या पत्र्याची टाकी केली असेल तर टाकी गळते आहे. म्हणजे मोजमाप बिनचूक आणि निष्कर्ष साफ चूक. ‘वर्षाला इतके मायक्रॉन झीज’ हा आकडा लोखंडी पुलासाठी उपयोगाचा आहे. ॲल्युमिनियमसाठी विचारायचा प्रश्न एकच, सगळ्यात खोल खड्डा किती खोल?

या प्रश्नाचं उत्तर शोधणारी माणसं होती. कॅनडातले गोडार्ड यांनी १९६० साली नैसर्गिक पाण्यातल्या ॲल्युमिनियमचा अभ्यास मांडला. त्यांना आढळलं की सगळ्यात खोल खड्ड्याची खोली काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खड्डा सुरुवातीला भराभर खोल जातो, मग मंदावतो. पहिल्या वर्षी जेवढा खोल गेला, त्याच्या दुप्पट व्हायला आठ वर्षं लागतात. उलट बाजूने पाहिलं तर पत्र्याची जाडी दुप्पट केली की आरपार भोक पडायला आठपट काळ लागतो. खरेदी करणाऱ्या माणसाला याहून उपयोगी माहिती नाही. आणि बाजारात काय चालतं? सेक्शन वजनावर विकला जातो, म्हणून भिंत पातळ करून भाव पाडतात, आणि पातळपणाची भरपाई म्हणून वरच्या मुलाम्याचा दाखला दाखवतात. जाडीतून मिळणारं आठपट आयुष्य सोडून द्यायचं आणि कागदावरचे हजार तास घ्यायचे, हा सौदा तोट्याचा आहे.

दुसरा आक्षेप खुद्द त्या फवाऱ्यावर. ही चाचणी फार जुनी आहे. १९१४ च्या सुमारास ती सुचवली गेली, आणि १९३९ मध्ये अमेरिकन मानक म्हणून छापली गेली. आजही तिचं रूप जवळपास तेच आहे. बंद पेटी, ३५ अंश सेल्सिअस, ५ टक्के मीठ असलेल्या पाण्याचं धुकं, अखंड. ते कधी थांबत नाही, नमुना कधी वाळत नाही, ऊन कधी पडत नाही.

आता वरळीच्या, मालवणच्या किंवा पणजीच्या खिडकीवर काय घडतं ते बघा. समुद्रावरून खारं वारं येतं, मिठाचे सूक्ष्म कण चौकटीवर बसतात. दिवसा ऊन तापतं, चौकट वाळते. रात्री हवेतली आर्द्रता वाढते. साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरू लागतं, पावसाची गरज लागत नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला ओलं होतं. म्हणजे रोज ओलं-वाळलं, ओलं-वाळलं. वाळताना मिठाचं पाणी आटत आटत तीव्र होत जातं. तो तीव्र, पातळ थर, ज्यात ऑक्सिजन सहज पोचतो, तिथे खड्डा फोफावतो. शिवाय ऊन पावडर कोटिंगला तडकवतं, खडूसारखं भुकटी करतं. फवाऱ्याच्या पेटीत यातलं काहीही घडत नाही.

आणखी गंमत सांगतो. आपण पावसाळ्याला घाबरतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत पाऊस हा वैरी नाही, धोबी आहे. तो मीठ धुऊन नेतो. किनाऱ्यावरच्या इमारतीत चौकटीचा जो भाग पावसाने भिजतो तो बरा राहतो. छज्ज्याखाली, पट्टीच्या खालच्या अंगाला, रबराच्या खाचेत, जिथे पाऊस पोचत नाही पण खारं वारं पोचतं, तिथे पांढरे फोड धरतात. वर्षातले धोक्याचे महिने जून ते सप्टेंबर नव्हेत, ऑक्टोबरपासून पुढचे आहेत. न धुतलेले. हे ज्याला कळलं तो हजार तासांचा कागद मागण्याआधी विचारेल, की या चौकटीत पाणी आणि मीठ साठणार कुठे?

चाचणीची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ती समीक्षा नव्हे, निंदा होईल. मिठाचा फवारा निरुपयोगी नाही. एकच कारखाना, एकच पद्धत, आणि आजची घाणी कालच्या घाणीसारखी निघाली का, एवढं पाहायला तो उत्तम आहे. शाळेतल्या हजेरीसारखा. मुलगा आला की नाही ते हजेरी सांगते, त्याला गणित येतं की नाही ते सांगत नाही. खुद्द त्या अमेरिकन मानकातच बजावलेलं आहे की केवळ फवाऱ्याच्या निकालावरून खऱ्या हवामानातल्या टिकाऊपणाचा अंदाज क्वचितच जुळतो. मानक लिहिणाऱ्यांनी हातचं राखून सांगितलं, विकणाऱ्यांनी ती ओळ गाळली. दोष आम्ही पेटीला देत नाही, पेटीच्या तोंडी नसलेली वाक्यं घालणाऱ्यांना देतो.

आणि पर्याय नाहीत असंही नाही. आळीपाळीने फवारा आणि वाळवण असलेल्या चक्री चाचण्या आहेत. त्यातल्या प्रोहेजन नावाच्या चाचणीत मीठ फक्त ०.०५ टक्के असतं, सोबत थोडं अमोनियम सल्फेट. म्हणजे फवाऱ्याच्या शंभरावा हिस्सा मीठ. तरीही रंगलेपांच्या बाबतीत ती खऱ्या हवामानाच्या अधिक जवळ जाते, कारण ती नमुना वाळू देते. मीठ वाढवलं की परीक्षा कडक होते हा आपला भाबडा समज आहे. त्याखेरीज सर्वांत प्रामाणिक परीक्षा म्हणजे नमुने समुद्रकाठी उघड्यावर टांगून ठेवणं. कराइकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मंडपम येथे हे केलं आहे. त्याला वर्षं लागतात. म्हणूनच त्याची किंमत आहे.

तिसरा आक्षेप मायक्रॉनवर. ॲनोडायझिंग म्हणजे काय, तर धातूची स्वतःचीच कातडी विजेच्या जोरावर हजारो पट जाड करायची. गंधकाम्लाच्या टाकीत ॲल्युमिनियम धन टोकाला जोडतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात पंधरा-वीस मायक्रॉन ऑक्साइड चढतं. याचा पहिला मोठा उपयोग विमानांसाठी झाला. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लाची पद्धत काढली, ती समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या ड्युराल्युमिनसाठी. गंधकाम्लाची पद्धत त्यानंतर आली आणि तीच बाजारात रुळली. भारतीय मानक १८६८ मध्येही थराचे दर्जे मायक्रॉनवरच पाडलेले आहेत.

पण या थराची रचना पाहा. तो भरीव नसतो. मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो, प्रत्येक छिद्र काही नॅनोमीटरचं, आणि ते जवळजवळ तळापर्यंत जातं. तळाशी जो बंद, अखंड थर असतो त्याची जाडी विजेच्या दाबावर ठरते, एका व्होल्टला साधारण एक नॅनोमीटर. टाकी पंधरा-अठरा व्होल्टवर चालली तर खरी बंद भिंत पंधरा-वीस नॅनोमीटरची. पंधरा मायक्रॉनच्या थरात ती हजारात एक-सव्वा भाग. बाकीचा सगळा थर म्हणजे तोंड उघडी असलेली नळ्यांची चळत. त्या नळ्यांची तोंडं बंद करणं याला सीलिंग म्हणतात, आणि संरक्षण खरं म्हणजे तिथे ठरतं.

पारंपरिक सीलिंग म्हणजे खनिजरहित शुद्ध पाण्यात, ९६ अंशांच्या वर, दर मायक्रॉनला सुमारे तीन मिनिटं उकळणं. पंधरा मायक्रॉनला पाऊण तास. वीसला एक तास. म्हणजे थर चढवायला लागतो तेवढा किंवा जास्तच वेळ तो बंद करायला लागतो. त्यात इंधन जळतं, टाकी अडकून राहते. आणि पाण्यात फॉस्फेटचा किंवा सिलिकेटचा अंश आला तर सगळी उकळणी वाया. शेवटी सीलिंग झालं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही! पंधरा मायक्रॉन जाडी मात्र छोट्या मीटरने दोन सेकंदांत दिसते. जे दिसतं ते मोजलं जातं, जे मोजलं जातं ते विकलं जातं, आणि जे दिसत नाही तिथे वेळ वाचवला जातो. न सील केलेले पंचवीस मायक्रॉन आणि नीट सील केलेले पंधरा, यात आम्ही डोळे मिटून पंधरा घेऊ.

ते ओळखायची युक्तीही सोपी आहे. पृष्ठभागावर आधी आम्लाचा थेंब, मग रंगाचा थेंब, मिनिटभर थांबायचं, धुवायचं, चोळायचं. नळ्या उघड्या असतील तर रंग पितात आणि डाग राहतो. बंद असतील तर डाग निघून जातो. याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, शून्य ते पाच गुणांचं. पाच मिनिटांची ही चाचणी हजार तासांच्या कागदापेक्षा तुमच्या खिडकीबद्दल जास्त सांगते, कारण ती तुमच्याच खिडकीवर करता येते. कागदावरचा नमुना कोणाचा होता, कोण जाणे.

आता काही जण म्हणतील, एवढं कशाला, लंडनच्या पिकाडिली सर्कसमधला इरॉसचा पुतळा १८९३ पासून उभा आहे. वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर १८८४ मध्ये बसवलेलं सुमारे २.८ किलोचं ॲल्युमिनियमचं टोक अजून तिथेच आहे. पाठ्यपुस्तकांना ही उदाहरणं फार प्रिय आहेत. आम्हालाही ती आवडतात, पण पुरावा म्हणून ती तपासून घ्यावी लागतात. एक, दोन्ही ओतीव आणि जाड आहेत, आणि जाडीचा नियम आपण पाहिला. दोन, दोन्ही पावसात धुतली जातात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात नाहीत. तीन, त्यांत तांब्याची भर घालून मजबुती आणलेली नाही. चार, आणि हे महत्त्वाचं, जी टिकली तीच आपल्याला दिसतात. पोखरून भंगारात गेलेल्या पातेल्यांचं स्मारक कोणी बांधत नाही.

तांब्याचा मुद्दा इथे उलगडायला हवा. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी १९०६ मध्ये शोधलं की थोडं तांबं आणि मॅग्नेशियम घालून, तापवून, झटकन थंड करून ठेवलं तर धातू दिवसागणिक कठीण होते. तेच ड्युराल्युमिन. विमानयुग त्यावर उभं राहिलं. आजही विमानाच्या पत्र्यात ‘२०२४’ क्रमांकाची मिश्रधातू वापरतात, तिच्यात सुमारे ४ टक्के तांबं असतं. पण ज्या तांब्याने ताकद दिली त्याच तांब्याचे कण खड्ड्याची बीजं होतात. ताकद आणि टिकाऊपणा यांचं हे भांडण आहे, आणि ते मिटवता येत नाही, त्याची तडजोड करावी लागते.

सर्वांत शहाणी तडजोड आम्हाला वाटते ती १९२७ ची. अमेरिकेत एडगर डिक्स यांनी आल्क्लॅड काढलं. ताकदवान पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ साय लाटून चिकटवायची. यात सौंदर्य असं, की खड्डा पडूच नये असा हट्ट नाही. खड्डा पडतो, शुद्ध थरातून आत जातो, गाभ्याला भिडतो, आणि तिथे वळून आडवा पसरतो, कारण शुद्ध थर गाभ्यासाठी स्वतः झिजतो. रोगाला थांबवलं नाही, त्याची दिशा बदलली. जो रोग खोलीने मारतो त्याला रुंदीत गुंतवून ठेवलं. याला आम्ही रोग समजून घेऊन केलेला उपाय म्हणतो.

पण दिशा बदलली म्हणून डोळे मिटून चालत नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं छत २४,००० फुटांवर उडालं. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली. विमानाने ८९,००० हून अधिक उड्डाणं केलेली होती, सगळी छोटी छोटी, खाऱ्या हवेत. पत्र्यांच्या जोडातला चिकटवा सुटलेला, तिथे ओल आणि क्षरण, आणि रिव्हेटच्या भोकांपासून निघालेल्या थकव्याच्या भेगा एकमेकींना मिळाल्या. हे नुसतं पिटिंग नव्हे, हे आम्ही स्पष्ट करतो. पण धडा तोच आहे. अमेरिकन तपास मंडळाने बोट ठेवलं ते देखभालीवर, म्हणजे जोडातलं सुटणं आणि भेगा वेळेत न सापडण्यावर. रोग लपतो त्या जागी पाहिलं गेलं नाही.

म्हणून ‘किती संरक्षण हवं’ याला एकच उत्तर नसतं. खिडकीच्या चौकटीवर अर्ध्या-पाव मिलिमीटरचा खड्डा पडला तर ती कुरूप होईल, पडणार नाही. विमानात त्याहून कितीतरी लहान खड्डा भेगेचा उगम ठरू शकतो. दोघांना एकाच ‘हजार तास’ फूटपट्टीने मोजणं म्हणजे खरचटल्याला आणि हृदयविकाराला एकच औषध देणं.

चौथा आक्षेप मात्र धातूबद्दलचा नाही, माणसांबद्दलचा आहे. ॲल्युमिनियमच्या संरक्षणाचा गेल्या शतकातला खरा नायक म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, क्रोमेट. रंगाआधी पत्रा क्रोमेटच्या पिवळ्या पाण्यात बुडवतात, इंद्रधनुषी सोनेरी झाक येते. त्याचा गुण असा, की ओरखडा पडला तर थरातलं क्रोमेट ओल्यातून सरकत उघड्या जागेवर जातं, तिथे बसतं, आणि तांब्याच्या कणांवरची ऑक्सिजनची क्रिया बंद पाडतं. जखम स्वतः भरून काढणारं औषध. खरोखर, दुसरं कुठलंही रसायन आजवर त्याच्या तोडीला सहज उतरलेलं नाही.

आणि तेच क्रोमेट माणसाच्या फुप्फुसात कर्करोग करतं, यावर आता वाद नाही. जे रसायन ओल्यातून सरकून जखमेपर्यंत पोचतं, ते ओल्यातून सरकून विहिरीपर्यंतही पोचतं. गुण आणि अवगुण वेगळे नाहीत, एकच आहेत. तमिळनाडूतल्या राणीपेटला क्रोमेट रसायनं बनवणारा कारखाना १९९०च्या दशकात बंद पडला, मागे दोन लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त कचरा आणि बिघडलेलं भूजल ठेवून. युरोपने सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या शेडमध्ये, उघड्या टाकीवर वाकून पत्रे बुडवणाऱ्या कामगाराचे तास कुठल्या दाखल्यावर लिहिलेले असतात? पत्र्याने हजार तास काढले हे आपण लिहितो. त्या वाफेत माणसाने किती हजार तास काढले हे लिहायला रकाना नाही.

पर्याय आलेत. झिर्कोनियम-टायटॅनियमची पाणी आहेत, त्रिसंयुजी क्रोमियम आहे, पावडर कोटिंगआधी पातळ ॲनोडायझिंग आहे. युरोपातल्या क्वालिकोट संस्थेची किनारी भागासाठी वेगळी अट आहे, की रंगाआधी पृष्ठभागाचं किमान २ ग्रॅम प्रति चौरस मीटर कोरीव काढून टाकायचं, म्हणजे घाण आणि बिघडलेला वरचा थर निघून जातो. किती साधी गोष्ट! पण या नव्या पाण्यांची एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांचा थर बहुधा रंगहीन असतो. क्रोमेट पिवळं दिसायचं, म्हणून मुकादमाला लांबूनही कळायचं, माल बुडवला की नाही. आता कळत नाही. म्हणजे विष गेलं, त्यासोबत साक्षीदारही गेला. त्याची जागा टाकीच्या रोजच्या तपासणीने, नोंदवहीने घ्यावी लागेल. ज्या कारखान्यात ती वही नाही, तिथे ‘क्रोमविरहित’ या शब्दाला पर्यावरणाचा अर्थ आहे, संरक्षणाचा नाही.

मग आपण, म्हणजे खरेदी करणाऱ्यांनी, सोसायटीच्या समितीने, शासकीय निविदा लिहिणाऱ्यांनी काय करावं? आमचं म्हणणं एवढंच. तास विचारू नका, किंवा शेवटी विचारा. आधी विचारा, धातू कुठली आणि भिंत किती जाड. सीलिंग किती मिनिटं, आणि आमच्या मालावर डागाची चाचणी आमच्यासमोर कराल का. रंगाआधी काय धुतलं, काय कोरलं, नोंद दाखवा. स्क्रू कुठले वापरणार? लोखंडी किंवा पितळी स्क्रू ॲल्युमिनियमला थेट लागला तर वरचा सगळा खर्च त्या भोकाशी हरतो. ओलं सिमेंट चौकटीवर उडू नये याची काळजी कोण घेणार? सिमेंटची अल्कली ॲनोडायझिंग खाते, आणि ते डाग पुसून जात नाहीत. एसीच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारं पाणी चौकटीवर तर येत नाही ना? आणि शेवटचं, ही चौकट वर्षातून कितीदा गोड्या पाण्याने धुवायची, आणि पाऊस पोचत नाही तिथे कोणाचा हात पोचणार?

या शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात. खिडकी काय धुवायची? पण आठवा, कल्हईवाला दरवर्षी दारात येत होता. कल्हई उडते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती परत करायची असते हेही ठाऊक होतं. त्यात कोणी फसत नव्हतं. ॲल्युमिनियमने आपल्याला कल्हईतून सोडवलं, ते चांगलंच झालं. पण त्यासोबत ‘एकदा केलं की झालं’ ही सवय लावली. आणि त्या सवयीवर दाखल्यांचा धंदा चालतो. संरक्षण ही वस्तू नसते, ते काम असतं, आणि काम दरवर्षी करावं लागतं.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवायला सांगितलं आहे, तेव्हा इथे थांबतो. कोणी आपल्या इमारतीचा दाखला सोबत आणला असेल तर काढा बाहेर, आपण तो मिळून वाचू.